फोन शिकताना मनाचं काय होतं?

भाकरी थापता थापता ऐकत असाल, तर थापत राहा. शेळ्यांमागं असाल, तर आवाज जरा वाढवा. आम्ही कुणी मोठ्या जाणकार म्हणून आलेलो नाही. आमच्याकडून एक चूक झाली, त्या चुकीतून आम्ही काही शिकलो, तेवढंच सांगायला आलो आहोत.

आमच्या गटात बारा जणी. सगळ्यात लहान २६ वर्षांची सूनबाई, सगळ्यात मोठ्या मावशी ६२ वर्षांच्या. आजचं बोलणं आम्ही बैठकीत मिळून ठरवलं आणि एकीनं ते वहीत लिहून घेतलं. यात ज्या मावशींची गोष्ट आहे, त्यांना आधी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सांगा. पण नाव नको, आणि रडकं करून सांगू नका." म्हणून नाव सांगत नाही.

गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या समाजमंदिरात फोन शिकवायचं शिबिर झालं. बाहेरगावाहून एक दादा आले होते. भिंतीवर पांढरी चादर लावली, त्यावर चित्रं दाखवली. दादा चांगले होते, पण त्यांना घाई होती. दोन तासांत सगळं संपवायचं होतं. फोन चालू करणं, नंबर साठवणं, व्हॉट्सॲप, पैसे पाठवणं, सगळं एका दमात. दर दोन मिनिटांनी ते म्हणायचे, "एकदम सोपं आहे."

मग त्यांनी मावशींच्या हातात फोन दिला आणि कॅमेरा उघडून दाखवायला सांगितलं. मावशींचं बोट काही केल्या लागेना. खुरपून, सारवून, भांडी घासून बोटाची कातडी दगडासारखी झालेली. त्यांनी जोरात दाबलं. नको तिथं लागलं आणि पडद्यावर त्यांचाच चेहरा आला, एवढा मोठा. मावशी दचकल्या, "अगं बया!" म्हणाल्या आणि झटकन पदर डोक्यावर घेतला.

सगळ्या हसलो. आम्हीही हसलो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण मावशींनी फोन सतरंजीवर ठेवला, "गाईची धार काढायची राहिलीय" म्हणाल्या आणि उठून गेल्या. दुपारचे दीड वाजले होते. दीड वाजता कुणी धार काढत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी त्यांच्या मागं कुणी गेलं नाही.

त्यानंतर मावशी बैठकीला यायच्या, बचत भरायच्या, पण फोनचा विषय निघाला की म्हणायच्या, "मला काय करायचंय या वयात?" आम्हीही मान डोलवली. म्हातारं माणूस आहे, राहू दे, म्हणून सोडून दिलं.

त्यांच्या मुलाची नोकरी शहरात. दिवाळीला आला तेव्हा त्यानं आईच्या फोनमध्ये पैसे देण्याघेण्याचं ॲप घातलं, पिन कागदावर लिहून दिला आणि गेला. पुढं मावशींना दोन बोकड विकायचे होते. पुतण्यानं बोकडांचे फोटो फोनवरून इकडंतिकडं पाठवले, खाली मावशींचा नंबर दिला. दोन दिवसांत एका माणसाचा फोन आला. गोड बोलला. "आजी, बोकड पसंत आहेत. आधी थोडे पैसे पाठवतो. तुमच्या फोनवर एक सूचना येईल, ती दाबा आणि पिन टाका, की पैसे जमा." मावशींनी दाबलं, पिन टाकला. तो म्हणाला, "आले नाहीत का? परत टाका." त्यांनी परत टाकला. दोन वेळा मिळून ६,४०० रुपये खात्यातून गेले.

मावशींनी हे कुणालाच सांगितलं नाही. मुलाला नाही, शेजारणीला नाही, आम्हाला नाही. बावीस दिवस. आम्हाला कसं कळलं? त्यांनी गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता चुकला म्हणून. आमच्या वहीत आठ वर्षांत मावशींच्या नावापुढं एकदाही हप्ता चुकल्याची नोंद नाही. आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. आम्ही विचारलं, "मावशी, त्याच दिवशी का नाही बोललात?" त्या म्हणाल्या, "तुम्ही परत हसला असता."

मैत्रिणींनो, यावर आम्हाला उत्तर देता आलं नाही.

फोनवरून फसवून पैसे काढले गेले, तर १९३० हा नंबर आहे. तो देशभर चालतो. त्यावर लगेच सांगितलं, तर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पुढं जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. जितका उशीर, तितकी शक्यता कमी. बावीस दिवसांनी आम्ही गटाच्या ताईंना घेऊन तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. पैसे त्या चोरानं नेले, ते खरंच. पण मधले बावीस दिवस आमच्या हसण्यानं खाल्ले.

पुढच्या बैठकीत आम्ही हिशोबाची वही बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न घेतला. फोनवर काही शिकायला बसलं, की आपल्या मनात काय होतं? आधी सगळ्या गप्प. मग एक एक बोलू लागली.

एक म्हणाली, "हाताला घाम सुटतो. भलतंच काही दाबलं गेलं आणि पैसे गेले तर?" दुसरी म्हणाली, "मी हातात घेतला, की घरधनी म्हणतात, दे इकडं, बिघडवशील." तिसरी म्हणाली, "मला वाचता येतं, पण सावकाश. माझं वाचून होईपर्यंत पडदा काळा होतो. मग वाटतं, आपण मंदच." चौथी म्हणाली, "भांडी पडलेली असतात, मी फोन बघत बसते, सासूबाई येता-जाता बघतात. चोरी केल्यासारखं वाटतं."

सगळ्यात जास्त आश्चर्य आमच्या सूनबाईचं वाटलं. तिचं बोट फोनवर सराईत चालतं. ती म्हणाली, "मी घरी बसून शिवणकामाचा वर्ग लावला होता फोनवर. वर्गातल्या बाकीच्या शहरातल्या, अर्धं इंग्रजी बोलायच्या. मॅडमनी कॅमेरे सुरू करायला सांगितले. माझ्या मागं आमची पत्र्याची भिंत आणि दोरीवरची चिरगुटं. मी कॅमेरा उघडलाच नाही, आवाजही उघडला नाही. काखेचा कट समजला नव्हता, पण विचारलं नाही. तीन आठवड्यांनी वर्ग सोडला. घरी सांगितलं, नेट लागत नाही म्हणून."

तेव्हा आम्हाला कळलं, की हा वयाचा प्रश्न नाही. डोक्याचाही नाही. बासष्टच्या मावशी आणि सव्वीसची सूनबाई एकाच जागी अडल्या होत्या. आपलं अज्ञान चारचौघांत उघडं पडेल, या लाजेपाशी.

असं का होत असेल? आम्हाला हे चुलीवरून कळलं. एका चुलीवर एका वेळी एकच भांडं नीट शिजतं. मनाचंही तसंच आहे. नवी गोष्ट शिकताना दोन-चार पायऱ्या एकदम ध्यानात धराव्या लागतात. आधी हे दाबायचं, मग ते, मग आकडा टाकायचा. तेवढ्यात मनात भीती चढलेली असेल, की सगळे बघतात, माझं चुकणार, तर चुलीवरची जागा ती भीतीच अडवते. शिकवलेलं शिजायला जागाच राहत नाही. मग आपण म्हणतो, "हिच्या डोक्यातच राहत नाही." राहील कसं? आधी भीती उतरवायला हवी.

ती उतरवायला आम्ही काय केलं, ते आता सांगतो.

पहिली भीती बिघडवण्याची आणि पैसे जाण्याची. आम्ही फोनवरच्या गोष्टींचे दोन ढीग केले. एका ढिगात, चुकलं तरी काही बिघडत नाही अशा गोष्टी. भलतंच ॲप उघडलं, चेहरा दिसला, आवाज बंद झाला, दुसऱ्यालाच फोन लागला. मागं या, काही झालेलं नसतं. दुसऱ्या ढिगात, जिथं थांबायचंच अशा गोष्टी. त्या मोजून चार निघाल्या. पिन मागितला तर थांबा. ओटीपी, म्हणजे मेसेजमध्ये येणारा आकडा, कुणी फोनवर विचारला तर थांबा. अनोळखी माणसानं पाठवलेली लिंक दिसली तर थांबा. कुणी एखादं ॲप फोनमध्ये घ्यायला सांगितलं तर थांबा. आणि एक गोष्ट आम्ही सगळ्या जणी पाठ म्हणतो: पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन द्यायला लागतो. हे वाक्य मावशींना त्या दिवशी माहीत असतं, तर त्यांचे बोकडाचे पैसे वाचले असते.

असे ढीग केल्यावर मन हलकं झालं. आधी सगळा फोनच वाघ वाटायचा. आता कळलं, की वाघ चार ठिकाणीच आहे, बाकी रान मोकळं आहे.

मग आम्ही एक रुपयाचा खेळ केला. आमच्यात सात जणींकडं स्वतःचं खातं जोडलेला फोन होता. त्या गोल बसल्या. पहिलीनं दुसरीला एक रुपया पाठवला, दुसरीनं तिसरीला, असं करत शेवटी तो रुपया परत पहिलीकडं आला. कुणाचाच एक पैसा गेला नाही, पण प्रत्येकीनं एकदा दिला आणि एकदा घेतला. देताना पिन मागितला, घेताना मागितला नाही, हे प्रत्येकीनं आपल्या डोळ्यांनी बघितलं. दहा वेळा सांगून जे कळलं नसतं, ते एका रुपयात कळलं.

दुसरी गोष्ट लाजेची. बोट लागत नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. या पडद्याला बोटाचा ओलावा लागतो. कोरडी, घट्टे पडलेली कातडी त्याला नीट कळत नाही. हात धुऊन पुसा, बोट किंचित ओलसर ठेवा, दाबू नका, नुसतं टेकवा. रेशनच्या दुकानात अंगठा मशीनवर उमटत नाही, तेव्हाही कामानं झिजलेल्या बोटाचीच अडचण असते. तो आपल्या कष्टाचा घट्टा आहे, आपला दोष नाही.

पडदा लवकर काळा होतो, त्यालाही उपाय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले म्हणून जागा असते. तिथं पडदा किती वेळ उजेडात राहावा, ते ठरवता येतं. बऱ्याच फोनमध्ये ते तीस सेकंदांवर असतं. आम्ही ते वाढवून पाच मिनिटांवर नेलं. अक्षरंही तिथंच मोठी केली आणि फोनची भाषा मराठी केली. जी मैत्रीण स्वतःला मंद म्हणत होती, ती आता गटाचे मेसेज मोठ्यानं वाचून दाखवते. मंद ती नव्हती, पडदाच घाईचा होता.

आणि लिहायला अवघड जात असेल, तर अक्षरांच्या पाटीवर माइकचं चित्र असतं. ते दाबून मराठीत बोला, फोन लिहून देतो. थोडं चुकतो, पण आपणही चुकतोच की.

तिसरी गोष्ट त्या चोरटेपणाची. शिकायला बसलेली बाई रिकामी बसल्यासारखी दिसते. नांगर धरलेला माणूस काम करताना दिसतो, फोन धरलेली बाई दिसत नाही. त्यात वर्गाची वेळ संध्याकाळी सातची, म्हणजे ऐन भाकरीची. फोन एकच, तो घरधन्याच्या खिशात. २०२० मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा तोच एक फोन तीन पोरांत फिरायचा आणि आईची पाळी शेवटची, नाहीतर नाहीच.

सरकारनं २०१७ मध्ये खेड्यातल्या लोकांना संगणक आणि मोबाइल शिकवायची मोठी योजना काढली होती. घरटी एक माणूस, वीस तासांचं शिक्षण, वय १४ ते ६०. चांगली गोष्ट होती. पण घरटी एक म्हटल्यावर आमच्यातल्या बऱ्याच घरांत आम्हीच नाव कुणाचं दिलं? पोराचं. आणि साठीच्या पुढच्या बायकांचं नाव तर बसतच नव्हतं. आमची गरज आम्हीच शेवटी ठेवली, हेही खरं. आता आम्ही ठरवलं आहे, बुधवारी दुपारी तीन ते चार हा शिकायचा तास. घरी सांगून यायचं, लपून नाही. "बैठकीला चालले" म्हणतो, तसंच "शिकायला चालले" म्हणायचं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडली. आता अडत नाही.

आता गरजेबद्दल बोलू. शिबिरातल्या दादांनी जे शिकवलं, ते सगळं उपयोगाचं होतं. पण त्यांनी आधी विचारलं नाही, की बाई, तुला फोनचं काय काम आहे? आम्ही आमच्या बाराजणींना विचारलं. बारा उत्तरं आली. एकीला लेकीचं बाळ बघायचं होतं, व्हिडिओवर. एकीला कांद्याचा भाव बाजार समितीत आज काय निघाला, ते व्यापाऱ्याच्या आधी कळायला हवं होतं. एकीला खात्यात मजुरी जमा झाली की नाही, ते बँकेत चार चकरा न मारता बघायचं होतं. सूनबाईला ब्लाउजचा कट परत परत थांबवून बघायचा होता. एक जण हळूच म्हणाली, "मला भजनं लावायची आहेत, दुसरं काही नको."

आम्ही तिथूनच सुरुवात केली. भजनवाली भजनातूनच शिकली. शोधायचं कसं, थांबवायचं कसं, साठवायचं कसं, आवाज कमी-जास्त कसा करायचा. पुढं तीच पद्धत तिनं शेळीच्या आजाराची माहिती ऐकायला वापरली. आधी तिला शेळीचं शिकवायला गेलो असतो, तर ती आलीच नसती.

एका प्रशिक्षणात ताईंनी आम्हाला सांगितलं होतं, की एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन नावाच्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन मुख्य गरजा सांगितल्या आहेत. पहिली, आपण आपल्या मनानं करतोय असं वाटणं. दुसरी, आपल्याला जमतंय असं वाटणं. तिसरी, आपली माणसं सोबत आहेत असं वाटणं. या तीन भागल्या, की माणूस मनापासून शिकतो. तेव्हा आम्ही ते वहीत लिहून ठेवलं होतं, पण कळलं नव्हतं. मावशींवरून कळलं. त्यांनी स्वतः काही निवडलं नव्हतं, जमलं तर काहीच नव्हतं, आणि जी आपली माणसं होती, ती हसली. तिन्ही गरजा एकाच दुपारी उपाशी राहिल्या.

हे जमतं कसं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला, महिला दिनाच्या दिवशी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. गावातले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत जाऊ लागल्या. ती शाळा फोनची नाही, पाटी-पेन्सिलीची आहे. पण आमच्या कामाची गोष्ट तिच्यात आहे. सगळ्यांचं लुगडं एक, सगळ्या साठीच्या पुढच्या, सगळ्यांना एकच अक्षर अवघड. अशा ठिकाणी कोण कुणाला हसणार? अक्षर शिकवण्याआधी लाज जायची सोय केली, की हात आपोआप पाटीकडं जातो.

आमच्याकडं गुलाबी लुगडी नाहीत, पण आम्ही चार नियम केले. ते सांगतो.

एक. फोन शिकणारीच्या हातातून काढायचा नाही. "आण इकडं, मी करते" हे वाक्य बंद. शिकवणारीनं हात पाठीमागं बांधायचे आणि तोंडानं सांगायचं. वेळ लागतो. लागू दे. दुसऱ्याच्या बोटानं झालेलं काम आपल्याला येत नाही.

दोन. "सोपं आहे" म्हणायचं नाही. सोपं आहे म्हटलं आणि तिला जमलं नाही, तर तिला वाटतं, सोपं असूनही मला येत नाही, म्हणजे मीच ढ. त्यापेक्षा म्हणायचं, "मलाही चार वेळा चुकलं होतं." ते खरंही असतं.

तीन. दोघी-दोघींची जोडी. एकटीनं शिकायचं नाही. गटात कुणी बोलून पाठवलं किंवा लिहून पाठवलं, तर जोडीदारणीनं त्याच दिवशी उत्तर द्यायचं. फोनवर प्रश्न टाकला आणि कुणीच काही बोललं नाही, तर भरल्या घरात हाक मारून कुणी ओ न दिल्यासारखं वाटतं. परत कोण विचारणार?

या जोडीचं महत्त्व एकदा फार कळलं. एका योजनेची ई-केवायसी करताना फोनवर रकाना आला, पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक भरा. आमच्यातल्या एका ताईंचे मालक चार वर्षांपूर्वी गेले, वडील त्याआधीच. ताई त्या रकान्याकडं बघत राहिल्या. बोट हलेना. फोनला काय कळणार? त्याला फक्त बारा आकडे हवे होते. पण शेजारी जोडीदारीण होती. तिनं फोन बाजूला ठेवला, पाणी दिलं, आणि म्हणाली, "आज नको. उद्या अंगणवाडीच्या ताईंना दोघी जाऊन विचारू, आपल्यासारख्यांनी काय करायचं ते." त्या दिवशी ताई एकट्या असत्या, तर अर्ज तसाच राहिला असता.

चार. चूक झाली, तर त्याच दिवशी सांगायची, आणि ऐकणारीनं पहिलं वाक्य बोलायचं, "बरं झालं सांगितलंस." ओरडा, उपदेश, "मी म्हटलं होतं ना", हे नंतर. शक्य झालं तर कधीच नाही. पैशाची फसवणूक असेल, तर त्याच मिनिटाला १९३० आणि बँक. हा नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

आता मावशींचं सांगून थांबतो.

आम्ही सगळ्या जणी त्यांच्या घरी गेलो. आमच्यातल्या एकीनं बोलायचं ठरलं होतं, पण तिला बोलता येईना. शेवटी सूनबाईच म्हणाली, "मावशी, आम्ही हसलो, ते चुकलं." मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चहा ठेवते," आणि आत गेल्या. तेवढ्यावर आम्हाला कळलं.

बुधवारी त्या आल्या. आम्ही विचारलं, मावशी, काय शिकायचं? आम्हाला वाटलं, नातवाचा व्हिडिओ म्हणतील. त्या म्हणाल्या, "माझ्या खात्यात आता किती उरलेत, ते मला कुणाला न विचारता बघायचंय." जिथं पैसे गेले, तिथूनच त्यांना सुरुवात करायची होती. सूनबाईनं हात पाठीमागं बांधले. मावशींनी हात धुतला, पदराला पुसला. बोट तीनदा चुकलं. कुणी बोललं नाही. चौथ्यांदा पडद्यावर आकडा आला. मावशींनी तो दोनदा वाचला, फोन पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "किती ते नाही सांगायची तुम्हाला." तेव्हा मात्र आम्ही सगळ्या हसलो, आणि सगळ्यात मोठ्यानं मावशी हसल्या.

सगळं काही छान झालं, असं आम्ही सांगणार नाही. ६,४०० गेले ते गेले. त्यांचा राहिलेला हप्ता गटानं पुढं ढकलून दिला, व्याज लावलं नाही. मुलानं अजून फोनवर ओरडायचं सोडलं नाही. पण आता गटात नवी बाई फोन शिकायला आली, की पैसे घ्यायला पिन लागत नाही हा धडा मावशीच देतात. स्वतःची गोष्ट सांगून देतात. आम्ही त्यांना तसं सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं. शेजारच्या वाडीतल्या एकीला असाच फोन आला, तेव्हा तिनं तो मध्येच कापला आणि सगळ्यात आधी मावशींना सांगायला आली. आमच्याकडं नाही, मावशींकडं. कारण तिला माहीत होतं, इथं कुणी हसणार नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. तीन प्रश्न विचारा. तुला फोनचं कशासाठी काम आहे? फोन हातात घेतल्यावर तुला काय वाटतं? आणि आपल्यातली कोण मधूनच उठून गेली, जिच्या मागं आपण गेलो नाही? तिसऱ्या प्रश्नाला एखादं नाव आठवलं, तर बैठक संपल्यावर तिच्याकडं जा. चहा घेऊन या.

फोन शिकवणारे ताई-दादा ऐकत असतील, तर त्यांनाही हात जोडून विनंती. तुमच्याकडं दोन तास असतील, तर पहिली वीस मिनिटं आम्हाला बोलू द्या. तो वेळ वाया जाणार नाही. पुढच्या शंभर मिनिटांत तुम्ही जे शिकवाल, त्याला आमच्या मनात जागा होईल.

चूल बघा, दूध उतू जाईल.